बाँडचे बूट

नमस्कार. पुढचा जेम्स बाँड कृष्णवर्णीय ब्रिटिश नट झाला तर मला आनंद होईल, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून हे उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं असं की बाँड ही ब्रिटिशांची अस्मिता आहे, लेखकाने त्याला गोरा लिहिलाय, त्यात फेरफार करणं म्हणजे दुसऱ्याच्या वारशात ढवळाढवळ. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, 'उद्या शिवाजी महाराजांच्या भूमिकेत गोरा नट चालेल का तुम्हाला?'

नाही चालणार. पण महाराज होऊन गेले, त्यांचे गड आजही उभे आहेत. बाँड कागदावर जन्मला. तुलनाच करायची तर आपल्या फास्टर फेणेशी करू. भा. रा. भागवतांचा बन्या शाळकरी पोरगा. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघने तो चांगला तरुण केला, तरी मला तो फेणेच वाटला. त्याचं फुरसुंगी काढून घेतलं असतं, त्याचं ते जिभेचं 'ट्टॉक' काढलं असतं, तर मीही भांडलो असतो. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की बाँडचं 'ट्टॉक' कशात आहे? त्याच्या कातडीत?

बाँडचे लेखक इयान फ्लेमिंग यांना सुरुवातीला पडद्यावरचा पहिला बाँड शॉन कॉनरी पसंत नव्हता. एडिंबरामधल्या कामगार वस्तीतला, कधीकाळी घरोघर दूध पोचवणारा माणूस. पण पडद्यावर तो शोभला आणि १९६४ च्या कादंबरीत फ्लेमिंगनी बाँडचं कूळच सांगून टाकलं: वडील स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोचे, आई स्विस. ज्या 'अस्सल इंग्रज' बाँडसाठी तुम्ही भांडताय, तो त्याच्या लेखकाच्या हिशेबानेसुद्धा रक्ताने इंग्रज नाही. पुढे बाँड म्हणून लेझनबी ऑस्ट्रेलियाचा आला, डाल्टनचा जन्म वेल्समधला. ब्रॉस्नन तर आयर्लंडचा, म्हणजे ब्रिटिश राजमुकुटाशी लढून वेगळ्या झालेल्या देशाचा. मुख्य मालिकेतल्या सहा बाँडांपैकी इंग्लंडात जन्मलेले दोनच, मूर आणि क्रेग. परदेशी नट चालतो आणि बाँडसाठी ज्याचं नाव घेतलं जात होतं तो, लंडनच्या हॅकनीत जन्मलेला कृष्णवर्णीय नट इद्रिस एल्बा मात्र 'ब्रिटिश वाटत नाही', तेव्हा तो वाद राष्ट्रीयत्वाचा राहत नाही. चर्चा वर्णावर घसरली आणि मग तिच्यातली सगळी मजा गेली, असं एल्बानेही सांगितलंय. मला त्याचं फार वाईट वाटलं.

२०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराडपर्यंत आनंद पोचला होता. वडील वराडचे, आई आयरिश. त्यांना कुणी 'तू खरा आयरिश नाहीस' म्हटलं असतं तर तुम्हीआम्ही खवळलो असतो. हॅकनीच्या मुलाला तोच न्याय का नाही?

आता तुमचा मुद्दा जिथे मला पटतो तिथे येतो. तुम्ही लिहिलंत, 'बाँड साम्राज्याच्या मुशीतून आलाय, ते पुसता येणार नाही.' अगदी खरं. पहिला बाँडपट, 'डॉ. नो', आला १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये. कथा जमैकातली, चित्रीकरणही बरंचसं तिथलंच. तिथे क्वारल नावाचा कोळी बाँडला आपल्या होडीतून बेटावर नेतो, त्याच्यासाठी जीव धोक्यात घालतो. एका क्षणी निघायची घाई होते आणि बाँड त्याला म्हणतो, 'माझे बूट आण.' प्लीज नाही, काही नाही. क्वारल निमूटपणे जातो. हे काम करणारा जॉन किट्झमिलर कुणी सोम्यागोम्या नट नव्हता. पाचच वर्षांपूर्वी, १९५७ साली, त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. त्याच्या वाट्याला आले ते बूट, आणि पुढे आगीत मरण.

त्याच वर्षीच्या जुलैत ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल स्थलांतर कायदा लागू झाला. तोवर जमैकाचा माणूस ब्रिटिश प्रजाजन म्हणून लंडनला येऊन राहू शकत होता, आता त्याला कामाचं व्हाउचर, म्हणजे परवाना, लागायला लागला. ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला. म्हणजे पडद्यावरचा बाँड पिस्तूल घेऊन जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला उतरत होता, आणि किंग्स्टनच्या तरुणाला लंडनचा दरवाजा अर्धा लावून घेतला होता. हा इतिहास पुसला जावा असं मलाही वाटत नाही. 'ऑक्टोपसी' चित्रपटात आपल्याकडे उदयपूरला आलेल्या बाँडने हिंदुस्थानी साथीदाराच्या हातात नोटा ठेवून काही आठवड्यांच्या 'करी'ची सोय झाली म्हटलेलं मी लहानपणी पाहिलंय, वडिलांशेजारी बसून. वडील हसले नव्हते.

म्हणूनच नुसता नट बदला आणि बाकी पटकथा तशीच ठेवा, हे मलाही नको. २०२१ च्या बाँडपटात बाँडचा ००७ हा क्रमांक लशाना लिंचने साकारलेल्या नोमी या हेराला मिळाला, लिंचचे पूर्वज जमैकाचे. पण त्याच चित्रपटात नोमीने तो आपण होऊन बाँडला परत केला. मी थिएटरात चरफडलो. बाँडचा काळ दर वेळी पुढे सरकतोच, क्रेगचा बाँड काही दुसऱ्या महायुद्धातून आलेला नव्हता. मग आजचा बाँड १९४८ साली कॅरिबियन बेटांवरून विंडरश जहाजाने ब्रिटनला आलेल्या एखाद्या कुटुंबाचा नातू का असू नये? ज्या सरकारने आजोबांना नाकं मुरडली त्याच सरकारसाठी नातू जीव द्यायला निघतो, यात केवढं नाट्य आहे! ते कुणीतरी नीट लिहायला हवं. रंग दिसतच नाही असं दाखवून ते लिहिता येणार नाही.

तो १९६२ चा चित्रपट पुन्हा कुठे लागला तर बुटांचं ते दृश्य जरूर बघा. बाँडकडे नको, क्वारलच्या चेहऱ्याकडे बघा. मग काय वाटलं ते लिहा, मी वाट बघतोय.