वाघोबाचं मिटलेलं तोंड

वसुबारसेला फोनवर सकाळपासून गायी येतात. यंदा मी नीट बघितल्या. निम्म्याहून जास्त काळ्या-पांढऱ्या परदेशी होल्स्टिन! सवत्स धेनूची पूजा, आणि चित्रातल्या धेनूला वशिंडच नाही. आपल्या देशी डांगी गाईच्या अंगावरही काळे-पांढरे डाग असतात म्हणा, पण तिला वशिंड असतं.

त्याच तिथीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात वाघबारस असते. आपण गाईला ओवाळतो, तिथले गुराखी वाघोबाला नारळ देतात. मागणं एकच, गुरं सुखरूप राहू देत. फक्त अर्ज थेट साहेबांकडे.

ठाणे-पालघरपासून नाशिक-नगरपर्यंत रानाच्या कडेला हे वाघोबा उभे आहेत. दगडाचे किंवा लाकडी फळीवर कोरलेले, शेंदराने माखलेले. वर चंद्र-सूर्य, कुठे सोबत नाग. गधेगाळांवर (दान मोडणाऱ्याला शाप देणारे जुने दगड), वीरगळांवर (वीरांच्या स्मरणशिळा) चंद्र-सूर्य असतात, ते आहेत तोवर हे टिकेल अशा अर्थाने. त्यामुळे मला वाघोबाचा दगडही करारपत्रासारखा वाटतो. तू तुझ्या हद्दीत, आम्ही आमच्या.

आणि मी पाहिलेल्या जुन्या वाघोबांपैकी बहुतेकांचं तोंड मिटलेलं आहे. काही तर सरळ मांजरासारखे दिसतात. कोरणाऱ्याला जमलं नाही, असं एक मित्र म्हणाला. मला ते पटत नाही. पाड्यावरच्या माणसाला वाघ दिसतो तो असाच, वाटेवरून मुकाट जाणारा. (बिबट्याही तिथं वाघच.) जबडा फाडलेला, सुळे दाखवणारा वाघ आपल्याला मोटारीच्या काचेवर, फ्लेक्सवर, टी-शर्टवर भेटतो. तो ज्याने काढला त्याने कधी जनावर राखलेलं नाही, एवढं नक्की. मला तो वाघ भित्राच वाटतो. सारखं ओरडावं लागतं बिचाऱ्याला.

मागच्या वर्षी एका पाड्याजवळच्या वाघोबाला गेलो, तर तिथं नवाकोरा सिमेंटचा वाघ. पिवळाधमक ऑइलपेंट, लालभडक जीभ, आ वासलेला. जुना दगड शेजारी झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेला. शेंदराची पुटं चढून चढून त्याचे पायही दिसेनासे झालेले. माझा चेहरा पडलेला बघून सोबतचे आजोबा म्हणाले, "पोरांनी वर्गणी काढून केलाय, चांगलाय की! फोटो याचा काढा."

आणि नारळ घेऊन ते झाडाकडे गेले.