खवले मांजराचं चिलखत दातांना अडवतं, जंतूंना नाही

"खवले मांजर हा सरपटणारे प्राणी आणि सस्तन प्राणी यांच्यातला दुवा आहे. त्याची कातडी बंदिस्त असल्याने जंतू आत शिरत नाहीत. कोरोना विषाणू अंगात घेऊनही ते ठणठणीत राहतं. ही ताकद खवल्यांत असते, चूर्णातून ती आपल्याला मिळते." अशा अर्थाचा मजकूर बराच फिरतो. चारही विधानं चुकीची आहेत. त्यातही दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानात तर वस्तुस्थिती जवळपास उलटी केली आहे.

दुव्याचं आधी उरकू. माशाचा खवला आंतरत्वचेत तयार होतो आणि त्यात खनिज असतं. सापाचा खवला बाह्यत्वचेचाच, पण त्यातली खास बीटा-प्रथिनं सस्तन प्राण्यांत नसतात. खवले मांजराचा खवला म्हणजे निव्वळ केराटिन, नख आणि केस ज्याचे बनतात तेच. साप कात टाकतो. इथे खवला मुळाशी वाढत राहतो आणि उकरताना टोकाशी झिजतो. जनुकांनुसार या प्राण्याचे सर्वांत जवळचे नातलग मांजर, कुत्रा, अस्वल यांचा मांसाहारी गण. आर्माडिलो या अमेरिकेतल्या कवचधारी सस्तन प्राण्याशी साम्य फक्त दिसण्यापुरतं. त्याच्या कवचात हाडाच्या चकत्या असतात, इथे हाड अजिबात नाही.

आता 'बंदिस्त' कातडी. खवले पाठीवर, कुशीवर, शेपटीवर आणि पायांच्या बाहेरच्या बाजूला. चेहरा, गळा, पोट आणि पायांची आतली बाजू उघडीच. प्रत्येक खवल्याची मागची कड सुटी असते, खाली मऊ कातडी असते, आणि आशियाई जातींत खवल्यांच्या मधून राठ केसही येतात. गोचिडी नेमक्या याच फटींत ठाण मांडतात: आशियात अँब्लिओमा जावानेन्स, आफ्रिकेत अँब्लिओमा कॉम्प्रेसम. गोचीड चावली म्हणजे कातडी भेदली गेलीच.

सोडवून आणलेल्या प्राण्याच्या गोचिडी काढताना, खवला म्हणजे निव्वळ निर्जीव चिलखत या गैरसमजामुळे खवले उचकटले जातात. खवल्याचा मोकळा भाग मृत असतो. रेडिओ ट्रान्समीटर बसवायला तिथे भोक पाडलं तरी प्राण्याला कळत नाही. मुळाशी मात्र जिवंत ऊती असतात. तिथे ताण पडला की रक्त येतं आणि जखम खवल्याखाली झाकली जाते, मग पू झालेला उशिरा लक्षात येतो. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. फुगलेलं पोट दाबू नये.

राहिली प्रतिकारशक्ती. 2016 साली मलायी आणि चिनी खवले मांजरांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाले. त्यात इंटरफेरॉन एप्सिलॉनचं जनुक मोडलेलं आढळलं. हे प्रथिन त्वचा आणि श्लेष्मल पडदे (शरीरातली ओली अस्तरं) यांच्या पेशींत संसर्गाविरुद्ध काम करतं. हे जनुक काढून टाकलेल्या मादी उंदरांच्या जननमार्गात हर्पीस विषाणूचा आणि क्लॅमिडिया जिवाणूचा संसर्ग जास्त बळावतो. म्हणजे जंतूंशी पहिली गाठ पडते त्याच थरातला एक पहारेकरी गैरहजर आहे. ही उणीव भरून काढायलाच चिलखत उत्क्रांत झालं असावं, अशी कल्पना त्याच अभ्यासात मांडली गेली. आकर्षक आहे, पण ती सिद्ध झालेली नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असं होत नाही.

2020 मध्ये आणखी उणिवा समोर आल्या. पेशीद्रवातला परका डीएनए ओळखणारी सीगॅस-स्टिंग यंत्रणा निकामी. कोरोनासारख्या विषाणूंची लांब, दुहेरी धाग्याची आरएनए ओळखणारा एमडीए-5 हा संवेदकही नाही. रिग-आय, टीएलआर-3 यांसारखे इतर संवेदक शाबूत आहेत, त्यामुळे 'प्रतिकारशक्तीच नाही' हे उलट टोकही खरं नाही.

आणि 'ठणठणीत'? मार्च 2019 मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमध्ये जप्त केलेल्या 21 मलायी खवले मांजरांपैकी 16 मेली. फुप्फुसं सुजलेली, फेसाळ द्रवाने भरलेली. नमुन्यांत कोरोनाबरोबर सेंडाई हा श्वसनमार्गाला बाधणारा दुसरा विषाणूही सापडला, म्हणून सगळे मृत्यू एकट्या कोरोनाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पण निरोगी वाहकाचं हे चित्र नव्हे. उलट, 2009 ते 2019 या काळात मलेशियात व्यापारसाखळीच्या सुरुवातीलाच पकडलेल्या 334 खवले मांजरांच्या नमुन्यांत एकही कोरोना विषाणू मिळाला नाही. त्यामुळे ग्वांगडोंगच्या प्राण्यांना लागण वाटेत, इतर प्राण्यांच्या किंवा माणसांच्या संपर्कात झाली असण्याची शक्यता जास्त दिसते. जप्त केलेली खवले मांजरं न्यूमोनियाने आणि जठरातल्या रक्तस्रावाने दगावतात हे नेहमीचंच आहे. ताण, उपासमार आणि आधीच तोकडी प्रतिकारशक्ती, हे सगळं एकदम येतं.

चूर्णाबद्दल फार लिहायची गरज नाही. केराटिनमधले गंधकाच्या दोन अणूंमधले (डायसल्फाइड) बंध आपल्या पाचकरसांना तुटत नाहीत, त्यामुळे ते बहुतांशी न पचताच बाहेर पडतं. आणि वरचे सगळे संवेदक व इंटरफेरॉन जिवंत पेशींत काम करतात. खवला मृत पेशींचा असतो, त्यात यातलं काहीच चालू नसतं. 2020 मध्ये चीनच्या अधिकृत औषधसूचीतूनही खवले वगळण्यात आले.