"आठ तास शिल्लक आहेत" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. भाऊजींनी टाकला होता आणि खाली माझ्या भाच्याला उद्देशून लिहिलं होतं, "नीट वाच." भाचा दुसऱ्या वर्षाला आहे. घर बदलापूरला, सकाळचं कॉलेज कल्याणला, आणि दुपारी बारा ते रात्री नऊ ठाण्यात एका मोबाइलच्या दुकानात नोकरी. पहिल्या वर्षाच्या दोन केट्या, म्हणजे नापास झालेले विषय, अजून निघायच्या आहेत.

मेसेज तुम्हालाही कुठून ना कुठून आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: दिवसाचे २४ तास सगळ्यांना सारखेच. आठ तास काम, आठ तास झोप, तरी आठ तास शिल्लक. बाबासाहेब १८ तास अभ्यास करायचे. कर्मवीरांच्या मुलांनी घाम गाळून शिक्षण घेतलं. तरुणपणी चार-पाच तास झोप पुरते. बर्नआउट हे सुखवस्तू लोकांचं खूळ आहे. रविवार आहेच की. आणि शेवटी, जो थांबला तो संपला.

भाऊजी सोळाव्या वर्षी कामाला लागले. मुलगा पदवीधर झालेला त्यांना डोळ्यांनी बघायचाय, आणि त्या तळमळीपोटीच त्यांनी हा मेसेज पाठवला. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. पण मी स्वतः तीन वर्षं नोकरी करत शिकले, आणि या मेसेजमधलं एकेक वाक्य माझ्या त्या वर्षांवर घासून बघितलं तेव्हा एकही टिकलं नाही.

"आठ तास शिल्लक"

भाच्याबरोबर वही घेऊन बसले आणि आठवड्याचे तास मांडले. आठवड्याचे एकूण तास १६८. दुकानात जेवणाची सुट्टी धरून रोज नऊ तास, सहा दिवसांचे ५४. घर, कॉलेज, दुकान आणि परत घर, यात गाडीची वाट बघणं आणि शेअर रिक्षाची रांग धरून रोज तीन तास जातात, म्हणजे १८. झाले ७२.

आता अभ्यास. नव्या श्रेयांक म्हणजे क्रेडिट पद्धतीत वर्षाला ४० क्रेडिट आणि त्यासाठी १२०० तास धरलेले आहेत. त्यात तासिका, प्रात्यक्षिकं, घरचा अभ्यास सगळं आलं. एका सत्राचे ६०० तास पंधरा-सोळा आठवड्यांत बसवायचे, म्हणजे आठवड्याला ३८ ते ४०. कमीतला आकडा धरला तरी बेरीज ११० वर गेली. रोज सात तास झोप म्हणजे ४९. एकूण १५९.

उरले नऊ तास. आठवड्याचे. रोजचा सव्वा तास. त्या सव्वा तासात अंघोळ, जेवण, कपडे, पाणी भरणं, आजीला दवाखान्यात नेणं, केटीचा फॉर्म भरायला खिडकीवर उभं राहणं. मित्राशी दोन शब्द बोलायचे तर ते झोपेतून कापायचे. वहीतला हा आकडा बघून भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे मी आळशी नाहीये ना?" एकोणीस वर्षांच्या मुलाला हे विचारावंसं वाटतं, म्हणून मी हे लिहायला बसले.

पूर्णवेळ पदवी हेच मुळात एक पूर्णवेळ काम आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याने धरलेलंच नाही. आणि आठ-आठ-आठ ही वाटणी आली कुठून? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट ओवेनने कामगारांसाठी ती मागितली होती. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे. ते शेवटचे आठ तास आणखी काम भरायला कुणी मागितले नव्हते.

"बाबासाहेब १८ तास अभ्यास करायचे"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय आणि त्यातली प्रेरणा खरी आहे. चौदा एप्रिलच्या सुमारास अठरा तास सलग अभ्यासाला बसणारी मुलं मी बघितली आहेत, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण अभ्यासाच्या काळात बाबासाहेब नऊ तास दुकानात उभे नव्हते, हे कुणी सांगत नाही. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. तिथून लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये नोकरी सोडून पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

क्रम बघा. कमावण्याची वर्षं वेगळी, शिकण्याची वेगळी. एवढी असामान्य बुद्धी असलेल्या माणसालाही पैसा संपल्यावर थांबावं लागलं आणि पैसा उभा राहिल्यावर परत जाता आलं. परळच्या चाळीतल्या एका खोलीतली त्यांच्या शाळेच्या दिवसांची हकीकतही आपल्याला माहीत असते: वडील रामजी त्यांना लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवायचे. त्या मुलाची झोप सांभाळायला एक माणूस जागा होता.

पुढे १९४६ मध्ये त्यांनीच मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. काम करून शिकणाऱ्याची अडचण त्यांनी वेळापत्रकात सोडवली. त्यांचं नाव घेऊन त्याच मुलाला निमित्तं सांगतोस म्हणायचं, हे मला फार लागतं.

"कर्मवीरांची मुलं घाम गाळून शिकली"

गाळला घाम, खरं आहे. माझ्या वडिलांचे एक शिक्षक साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकलेले होते, शेतातल्या कामाबद्दल अभिमानाने सांगायचे. पण भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' उभं केलं ते कसं, हेही बघू. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं वसतिगृह १९२४ चं, आणि छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चं. तिथे काम संस्थेच्याच शेतात आणि आवारात. राहायची सोय तिथेच. जेवण तिथेच, सगळ्या जातींच्या मुलांचं एका पंगतीत. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. काम किती घ्यायचं आणि अभ्यासाला कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस एकच होता आणि त्याला मुलं शिकायला हवी होती.

भाच्याच्या दुकानमालकाला फोन विकायला हवेत. त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याचा तो धंदाच आहे. पण मग या दोन गोष्टी सारख्या कशा? आजही काही विद्यापीठांत कर्मवीरांच्या नावाने ही योजना चालते. मुलाला ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज मोजके तास काम देतात. तुमच्या कॉलेजात ती असेल तर विद्यार्थी विकास विभागात जाऊन विचारा. अनेक मुलांना तिचा पत्ताच नसतो. पैसे बाहेरच्या नोकरीपेक्षा कमी मिळतात, पण लोकलचे तास वाचतात आणि परीक्षेच्या आठवड्यात कुणी जादा पाळी लावत नाही.

"चार-पाच तास झोप पुरते"

या वाक्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

शेवटच्या वर्षाला मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात होते. टिटवाळ्याहून पहाटेची लोकल, सकाळी कॉलेज, साडेअकरापासून ऑफिस. मार्च महिना, म्हणजे ऑफिसची धावपळ आणि आमची परीक्षा एकाच वेळी. तीन आठवडे साडेचार-पाच तासांवर काढले आणि मला वाटत होतं की मी छान निभावतेय. चहा घेतला की तरतरी यायची. मग एका दुपारी एका अशिलाचं एकच चलन मी दोनदा भरलं. पावती समोर असताना पुन्हा भरलं. साहेब ओरडले ते एक, पण मला भीती वेगळीच वाटली: पहिलं चलन भरल्याचं मला आठवतच नव्हतं. त्याच आठवड्यात परिव्यय लेखांकनाच्या (कॉस्टिंगच्या) पेपरात मी एकच गणित दोनदा सोडवलं, दोन वेगवेगळ्या पानांवर, आणि उत्तरं वेगळी आली. हे पेपर देऊन बाहेर आल्यावर मैत्रिणीशी बोलताना कळलं. त्या विषयात राहिले.

पुष्कळ वर्षांनी मी याचं कारण वाचलं. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि स्मरण सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. आणि त्यांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं, आपण बरे आहोत असंच वाटत होतं. चार नव्हे, सहा तास! कमी झोपणाऱ्याला आपण कमी पडतोय हे कळत नाही, म्हणून "मला पुरते" या सांगण्यावर विसंबू नका. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. दिवसभरात वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं काम बरंचसं झोपेत होतं, त्यामुळे पेपरच्या आदल्या रात्रीचं जागरण त्या दिवशी केलेला अभ्यासही पुसट करतं.

"बर्नआउट हे सुखवस्तू लोकांचं खूळ"

हा शब्द आजच्या अर्थाने वापरात आणला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो आणि इतर स्वयंसेवक गोरगरिबांसाठी, व्यसनात अडकलेल्या तरुणांसाठी काम करायचे. दिवसा स्वतःचा व्यवसाय आणि रात्री उशिरापर्यंत हा दवाखाना. जीव ओतून काम करणारी माणसं काही महिन्यांत पार रिकामी होतात हे त्याने तिथे बघितलं, स्वतःवरही अनुभवलं. म्हणजे या शब्दाचा जन्मच दुहेरी पाळी करणाऱ्यांमध्ये झालाय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद केली ती कामाशी निगडित अवस्था म्हणून, आजार म्हणून नाही. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत: त्राण उरत नाही, कामापासून मन तुटतं किंवा त्याबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. ती व्याख्या नोकरीपुरती आहे, पण नोकरी अधिक कॉलेज करणाऱ्याला ती दोन्हीकडून लागू पडताना मी बघते. आमच्या घरात तिला कुणी इंग्रजी नाव देत नाही. भाचा एवढंच म्हणतो, "पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, पण आत काही जात नाही." बॉलिंग टाकायला धावत सुटणारा मुलगा सुट्टीच्या दिवशीसुद्धा मैदानावर जात नाही. हे खूळ वाटत असेल तर त्याच्या आईला विचारा.

झोप मिळूनही दोन-तीन आठवडे हे असंच राहिलं, रडू येत राहिलं, जगणं नको वाटू लागलं, तर मात्र तो नुसता थकवा समजून बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

"रविवार आहेच की"

भाच्याची सुट्टी मंगळवारी असते, कारण रविवारी दुकानात सगळ्यात जास्त गिऱ्हाईक. मंगळवारी कॉलेज. त्याला पूर्ण मोकळा असा एकही दिवस नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अर्ज, सभा, मोर्चे करत काही वर्षं लढा दिल्यावर. त्या एका दिवसासाठी इतकं झगडावं लागलं होतं, आणि आज तो केटीच्या अभ्यासासाठी राखीव आहे असं आपण गृहीत धरतो.

"जो थांबला तो संपला"

मी थांबले होते. राहिलेला विषय पुढच्या वर्षी दिला. दरम्यान ती नोकरी सोडून कमी पगाराची, पण पाचला सुटणारी नोकरी धरली. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. नंतर आजवर एकाही मुलाखतीत मला त्या वर्षाबद्दल कुणी विचारलेलं नाही.

आता तर सोयी वाढल्या आहेत. क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बी.ए. तीन वर्षांची असली तरी सहा वर्षांत पूर्ण करायची मुभा आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच मुलांसाठी आहे. मुक्त विद्यापीठातून शिकणं कमीपणाचं मानणारे नातेवाईक भेटतील. त्यांना वहीतली बेरीज दाखवा.

आणि मालकाशी बोला, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको. सत्र सुरू झालं की वेळापत्रकाचा अंदाज घेऊन तारखा आधीच कळवा. कोणत्या महिन्यात किती दिवस लागतील ते कागदावर लिहून द्या. भाच्याने तसं केलं. मालक आधी कुरकुरला, मग त्याने महिन्यातले दोन रविवार सोडायचं कबूल केलं, आणि परीक्षेच्या काळात चार ते नऊ एवढीच पाळी, पगार कापून. कापलेला पगार घरात जाणवेल. ताई म्हणाली, निभावू. भाऊजी काही बोलले नाहीत.

परवाच्या रविवारी मी बदलापूरला गेले. पहिली सुट्टी होती त्याची. सकाळचे अकरा वाजले होते आणि तो भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेला. ताई कुकर लावायला गेली, तर भाऊजी आतून हळूच म्हणाले, "शिट्टी नको करूस आत्ता. भात पातेल्यात लाव."