आईबाबांची पन्नास, आमची वीस आणि माईची त्रेपन्न

गेल्या डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुण्याला जाऊन आले. एकटीच गेले, नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि पोराच्या परीक्षा. म्हात्रे पुलाजवळच्या एका कार्यालयात शंभरसव्वाशे माणसं, मसालेभात, अळूची पातळ भाजी, जिलबी, मठ्ठा, अगदी आपलं नेहमीचं, आणि माझ्या भावाने हौसेने एक सूत्रसंचालन करणारी मुलगी बोलावली होती जी प्रत्येक वाक्य "तर मंडळी" ने सुरू करत होती. तिने विचारायचा तो प्रश्न विचारलाच, काका, पन्नास वर्षांच्या सुखी संसाराचं रहस्य काय? बाबा म्हणाले, ॲडजस्टमेंट. टाळ्या. मग माईक आईकडे गेला. आई म्हणाली, "पहिली तेरा वर्षं नारायण पेठेत दोन खोल्यांत नऊ माणसं राहत होतो, भांडायला जागाच नव्हती. कोथरूडला फ्लॅट घेतला आणि मग भांडायला लागलो." लोक खूप हसले. बाबापण हसले. मी हसले खरी पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण ती विनोद करत नव्हती, खरं तेच सांगत होती.

जेवताना मात्र ठरलेला विषय निघाला. एक काका (सख्खे नाहीत, वाड्यातले) म्हणाले, अशी लग्नं आता बघायला मिळायची नाहीत, शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात जाऊन बघा, पोरंपोरी कशी रांगा लावून बसलीयेत. मग माझ्याकडे वळून, "आणि तुमच्याकडे तर काय, सकाळी लग्न संध्याकाळी डिव्होर्स!" मी वीस वर्षं कॅलिफोर्नियात राहते आणि प्रत्येक ट्रिपला हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच, त्यामुळे आता रागबिग येत नाही. पण एकदा बसून लिहावं असं वाटलं कारण दोन्हीकडचं थोडं थोडं बघितलंय.

तर तिकडचं आधी. कारण न देता, म्हणजे नवरा वाईट की बायको वाईट हे कोर्टात सिद्ध न करता घटस्फोट मिळायचा कायदा अमेरिकेत कॅलिफोर्नियातच पहिल्यांदा आला, १९६९ ला सही झाली, १९७० पासून लागू. सही करणारा गव्हर्नर रोनाल्ड रीगन, जो स्वतः घटस्फोटित होता आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. तिथून एकेक राज्य करत न्यूयॉर्कपर्यंत पोचायला २०१० उजाडलं. सकाळी लग्न संध्याकाळी डिव्होर्स वगैरे काही नसतं हो, अर्जाचे कागद समोरच्याच्या हातात पडल्यापासून कमीत कमी सहा महिने थांबावंच लागतं. आणि घटस्फोटाचं प्रमाण तिथे १९८० च्या सुमारास सगळ्यात वर होतं, त्यानंतर खालीच येत गेलंय. एक कारण हे पण आहे की लोक लग्नच कमी आणि उशिरा करतात, म्हणजे जे करतात ते जरा विचार करून करतात. हे काकांना सांगितलं असतं तर मठ्ठा गार झाला असता (तसा तो गारच असतो) म्हणून नाही सांगितलं.

सांगितलं ते माझ्या भाचीने. ती लॉ कॉलेजला आहे, शेवटच्या वर्षाला, आणि तिला अजून मोठ्यांपुढे कधी गप्प बसायचं हे कळत नाही, देव करो आणि लवकर न कळो. ती म्हणाली, आजोबा, रांगा दिसतात कारण रांगेत उभं राहायची सोय आत्ता आत्ता झालीये. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण दोघांना मिळून आम्हाला वेगळं व्हायचंय असं म्हणायची तरतूद त्यात आली १९७६ ला. त्यात पण आधी एक वर्ष वेगळं राहा, मग अर्ज करा, मग अजून सहा महिने थांबा. ते सहा महिने गरज असेल तर कोर्ट माफ करू शकतं हे सुप्रीम कोर्टाने म्हटलं २०१७ ला. आणि लग्न पार मोडलंय, आता जुळण्यासारखं नाही, एवढंच कारण पुरेसं धरा अशी शिफारस लॉ कमिशनने १९७८ ला केली होती, तसं बिल २०१० ला आलं, राज्यसभेत २०१३ ला पास पण झालं आणि पुढे लोकसभा संपली तसं तेही संपलं. आज तेवढ्या कारणावर घटस्फोट पाहिजे तर सुप्रीम कोर्टच आपल्या खास अधिकारात देऊ शकतं, २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे. काका म्हणाले, तू आधी जिलबी घे.

मला तेव्हा माईची आठवण झाली. माई म्हणजे बाबांची आत्या. आम्ही लहान असताना वाड्यात आमच्याकडेच असायची, जिन्याखालच्या खोलीत, एक लोखंडी ट्रंक आणि एक स्टो. १९४० साली चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं, चार वर्षांनी नवऱ्याने मूलबाळ होत नाही म्हणून तिला माहेरी आणून सोडलं आणि साताऱ्याकडे दुसरं लग्न केलं. मुंबई प्रांतात दुसऱ्या बायकोवर बंदी आली १९४६ ला आणि घटस्फोटाचा कायदा आला १९४७ ला, म्हणजे त्याने वेळेत उरकून घेतलं म्हणायचं. माईने घटस्फोट घ्यायचा प्रश्नच नव्हता, तो शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी उच्चारला नसता. ती रोज कुंकू लावायची, वटपौर्णिमेला कोपऱ्यावरच्या वडाला सूत गुंडाळून यायची, आणि गल्लीतल्या बायका तिच्यामागे तिला टाकलेली म्हणायच्या पण हळदीकुंकवाला बोलावायच्या, कारण नवरा जिवंत ना. १९९३ ला गेली तेव्हा नवरा होताच की, मळवट भरून हिरवी साडी नेसवून नेली आणि कुणीतरी म्हणालंसुद्धा, अहेव गेली, भाग्याची.

हिशोब केला तर लग्न त्रेपन्न वर्षं टिकलं. माझ्या आईबाबांपेक्षा तीन वर्षं जास्त.

मोजणी करणाऱ्यांच्या हे कधी डोक्यात येतं का? २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित लोक साधारण साडेतेरा लाख निघाले आणि घटस्फोट न घेता नुसते वेगळे राहणारे त्याच्या अडीचपटीहून जास्त. म्हणजे माई एकटी नव्हती. ती सगळी लग्नं आपल्या "आपल्याकडे बघा कसं टिकतं" च्या हिशोबात जमेला धरलेली आहेत.

आता कुणाला वाटेल की ही अमेरिकेत राहून आम्हाला शिकवतीये. नाही हो. आमचं तिकडचं टिकणं पण काय प्रकारचं आहे ते सांगते.

आमचं लग्न डिसेंबर २००५, जानेवारीत मी एच-४ वर गेले. एच-४ म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी ला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, लटकलेला व्हिसा. मी पुण्यात बँकेत होते, ऑफिसर, लक्ष्मी रोडच्या ब्रँचला, गणपतीच्या आधी नव्या नोटांसाठी व्यापाऱ्यांची झुंबड उडायची ती सांभाळायचे. तिकडे गेले आणि मला पगाराचं काम करायची परवानगीच नाही. शिका चालेल, फुकट काम करा चालेल, तेही जपून. पगार नाही. एच-४ वाल्यांपैकी काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीनकार्डचं काम एका टप्प्याला पोचलंय त्यांना, काम करता येईल असा नियम लागू झाला २६ मे २०१५ ला. तारीख पाठ आहे कारण आम्ही वाटच बघत होतो. मधली नऊ वर्षं मी लायब्ररीत गोष्टी वाचून दाखवायला गेले, महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत बाराखडी शिकवली, पोळ्यांची कणीक मळली, आणि रात्री दहाला आईला फोन करून सगळं छान आहे म्हणून सांगितलं.

आणि त्या नऊ वर्षांत आमची खरंच वाईट भांडणं झाली, दोनदा तर मी बॅग काढली होती. पण काढून जाणार कुठे? घटस्फोट झाला की एच-४ संपला, म्हणजे देशातून निघा, आणि पोरगा तिथे जन्मलेला. खात्यात माझं स्वतःचं काही नाही. बॅग परत कपाटावर गेली. तेव्हा पुण्यात सगळे म्हणायचे, बघा परदेशात राहून किती छान संसार करतायत, तिथल्या वातावरणाचा काही परिणाम नाही. अहो कसला परिणाम, आम्हाला व्हिसाने बांधून ठेवलं होतं. आईला भांडायला खोली नव्हती आणि मला निघून जायला परवानगी नव्हती, एवढाच फरक. नवरा वाईट माणूस नाहीये हे पण सांगते, त्याने हे सगळं ठरवून केलं नव्हतं आणि माझं कामाच्या परवानगीचं कार्ड आलं त्या दिवशी माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. पण नोकरी त्याची चालू होती आणि माझी गेली होती, हे रडण्याने भरून येत नाही.

गंमत बघा, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दीर्घ लग्नाची व्याख्याच आहे. दहा वर्षं! दहा वर्षं झाली की लग्न लांब पल्ल्याचं धरतात, मग मोडलं तर पोटगीला ठरावीक मुदत घालून कोर्ट सहसा हात झटकत नाही. सरकारी पेन्शनमध्येसुद्धा घटस्फोटित जोडीदाराला हक्क सांगायचा तर दहा वर्षांचंच लग्न लागतं. आमच्या पेठेत दहा वर्षांच्या सुनेला अजून नवीन सून म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते, मग लक्षात आलं की त्यांनी वर्षं मोजली ती कौतुकाला नाही, एवढ्या वर्षांत घर सांभाळणारीचं किती नुकसान झालं असेल ते धरायला. आपल्याकडे पन्नासचा आकडा केकवर लिहितात आणि तिकडे दहाचा आकडा पोटगीच्या कागदावर. मला दुसरा हिशोब जास्त प्रामाणिक वाटतो, कुणाला थंड वाटला तर वाटो.

तिकडचं सगळंच पटतं असं नाही. आमच्या शेजारच्या बाई एकतीस वर्षांच्या लग्नानंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी वेगळ्या झाल्या. पन्नाशीपुढच्यांचे घटस्फोट तिकडे १९९० ते २०१० मध्ये जवळजवळ दुप्पट झाले, त्याला ग्रे डिव्होर्स म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचा. बाई सुटल्यासारख्या दिसायच्या, ट्रेकला जायच्या, आणि मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी कोण थांबणार या प्रश्नावर मुलांनी एक एजन्सीचा नंबर पाठवला. आठ दिवस मी डबा दिला. तिसऱ्या दिवशी बघते तर तो आधीचा नवरा अंगणातला स्प्रिंकलर दुरुस्त करत बसलेला, त्याच्याकडे घराची किल्ली नाही म्हणून मागच्या फाटकाने आलेला. त्यांनी त्याला लिंबूपाणी दिलं, आत काही बोलावलं नाही. यातून काय ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पुण्यात कार्यक्रमाच्या नंतर दोन आठवडे मी घरीच होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, थेंबांच्या दोन बाटल्या, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. रात्री बाबा टेबलाशी खुर्ची ओढून, "वर बघ. पंख्याकडे. मिचकावू नको म्हटलं ना." ती मिचकावायची. थेंब गालावर. "एक फुकट गेला, त्याचे पैसे पडतात." मग पदराने नाही, स्वच्छ कापसाने पुसायचं, यावरून एक वाद. मग बाबा मोबाईलवर पाच मिनिटांचा अलार्म लावायचे, तो त्यांना लावता येतो पण बंद करता येत नाही, त्यामुळे तो वाजला की आई एक डोळा मिटलेला ठेवून चाचपडत त्यांच्या हातातून फोन घ्यायची आणि बंद करायची. हे दिवसातून चार वेळा. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत शिफ्ट करून घरी आल्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने न घेणारा हा माणूस. मी आईला एकदा विचारलं, हे आधी का नाही? ती म्हणाली, आधी माझ्या डोळ्याला काय झालं होतं?

आणि मग कधीतरी ओट्याशी उभी असताना आपणहून म्हणाली, मला तेव्हा बी.एड. करायचं होतं. एवढंच. पुढे काही नाही, डब्याचं झाकण लावलं आणि गेली.

आईबाबांच्या नंतर नऊ दिवसांनी आमचा लग्नाचा वाढदिवस. मी कोथरूडला, सकाळी साडेसात, चहा हातात. फोन वाजला. तिकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सहा.

"कुकरची रिंग कुठेय?"

"दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, मागे."

खडखड आवाज. "हां, मिळाली. अगं, तुझ्याकडे तारीख लागली ना? हॅपी ॲनिव्हर्सरी."

"माझी लागली. तुझी लागायला अजून सहा तास आहेत."

"मग मी तेव्हा परत करू का?"

"तू भात लाव आधी," म्हटलं. "पाणी दुप्पट घाल."