माउंट व्हर्नन : ‘सगळे गुलाम मोकळे केले’ हे खरं नाहीये

सध्या ग्रुपांमधून एक मेसेज फिरतोय, सोबत अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीकाठच्या माउंट व्हर्नन या पांढऱ्या वाड्याचा फोटो. म्हणे जॉर्ज वॉशिंग्टनने हा दगडी वाडा स्वतः उभारला, गुलामांना घरच्यांसारखं वागवलं, मरताना सगळ्यांना मोकळं केलं आणि पुढे सरकारने वाडा जपला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण गुलामांबद्दलची वाक्यं वाचून मला गप्प बसवेना म्हणून लिहितेय.

आधी वाडा. मूळचं दीड मजली घर वडील ऑगस्टिन यांनी 1734 च्या सुमारास बांधलेलं, माउंट व्हर्नन हे नाव सावत्र भाऊ लॉरेन्सने दिलं, आणि जॉर्जच्या मालकीचं ते झालं 1761 मध्ये. त्याने ते दोनदा वाढवलं हे खरं. पण दगडी? अहो, लाकडी आहे ते! पाइनच्या फळ्यांवर चिऱ्यांसारखे सांधे कोरले, ओल्या रंगावर वाळू मारली, म्हणून दगड वाटतो. आणि ‘स्वतः’ म्हणजे आराखडा आणि देखरेख त्याची, अंगमेहनत पगारी कारागिरांची आणि गुलामांची.

आता ‘सगळ्यांना मोकळं केलं’. इथे जरा थांबून वाचा. 1799 मध्ये वॉशिंग्टनने स्वतः यादी केली होती, तिच्यात 317 माणसं आहेत. त्यातली त्याच्या स्वतःच्या मालकीची फक्त 123. 153 जण होते त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या इस्टेटीतले, त्यांच्यावर मार्थाचा हक्क हयातीपुरता, पुढे ते कस्टिस वारसांचे, त्यामुळे कायद्याने त्यांना ना तो सोडू शकत होता ना ती. उरलेले भाड्याने आणलेले. मृत्युपत्रात तत्काळ सुटका एकाचीच, त्याचा खासगी सेवक विल्यम ली याची, बाकीच्यांची मार्थाच्या मरणानंतर. म्हणजे शंभराहून जास्त लोकांचं स्वातंत्र्य एका बाईच्या मरणावर टांगलेलं! तिला आपल्या जिवाची धास्ती वाटत होती असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांची बायको अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने पत्रात लिहिलंय. शेवटी मार्थाने 1 जानेवारी 1801 ला त्यांना मोकळं केलं. पण दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्नं झालेली, मुलं आईच्या मालकाची धरली जायची, म्हणजे नवरा सुटला आणि बायको-पोरं गुलामच राहिली अशी घरं होती, आणि 1802 मध्ये मार्था गेल्यावर ते 153 तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. मृत्युपत्रात म्हाताऱ्यांच्या पोटापाण्याची आणि पोरक्या मुलांना लिहा-वाचायला शिकवण्याची सोय होती, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण याला ‘सगळे’ म्हणता येत नाही.

‘घरच्यांसारखं’ म्हणत असाल तर ओना जज हे नाव लक्षात ठेवा. ती मार्थाची खास दासी. पेनसिल्व्हेनियात तेव्हा असा कायदा की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर सुटकेचा हक्क, म्हणून राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदतीआधी राज्याबाहेर नेऊन परत आणायचा. मार्थाच्या नातीला आपल्याला देऊन टाकणार हे कळल्यावर ओना 1796 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाहून, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतून पळाली, न्यू हॅम्पशर राज्यात पोचली. तिला परत आणायला त्याने सरकारी अधिकाऱ्यामार्फत प्रयत्न केले, पण ती काही परतली नाही. 1848 मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी गुलामच होती.

सरकारचं थोडक्यात. वाडा मोडकळीला आलेला असताना ना केंद्राने घेतला ना तिथल्या व्हर्जिनिया राज्याने. अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी बायकांची संस्था काढली, वर्गणी जमवली आणि 1858 मध्ये 2 लाख डॉलरला वाडा आणि भोवतालची 200 एकर जमीन घ्यायचा करार केला. आजही मालकी त्याच संस्थेची आहे, आणि 1799 च्या यादीतली नावंही ती लोकांसमोर ठेवते. तेव्हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान तो ‘सगळ्यांना’ शब्द काढा आणि ओनाचं नाव घाला.