एअरबॉक्स उघडलात तर जेट बदलावंच लागेल

सातारा-सांगलीकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: "एटीव्हीच्या (कच्च्या वाटेवरच्या चारचाकी बाइकच्या) एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, झाकण काढा, नाहीतर सरळ पॉड फिल्टर (डब्याशिवाय थेट कार्ब्युरेटरवर बसणारा) लावा. व्हॅक्यूम कार्ब्युरेटर स्वतःच जमवून घेतो. फार तर एअर स्क्रू अर्धा आटा खोला. घाटावर हवा विरळ, तिकडे तर काहीच करायला नको. प्लग पांढरा निघाला म्हणजे इंजिन स्वच्छ जळतंय, आणि रेस सोडल्यावर फटफट आवाज आला म्हणजे ताकद वाढली."

झाकण काढणं ही ज्याची त्याची हौस. पुढचं मात्र एकही वाक्य धड नाही.

"व्हॅक्यूम कार्ब्युरेटर जमवून घेतो." व्हॅक्यूम कार्ब्युरेटरमधला स्लाइड रबरी पडद्यावरच्या दाबाच्या फरकाने वर-खाली होतो आणि हवेचा वेग साधारण सारखा ठेवतो. त्याचं काम एवढंच. फिल्टर कुठला लावलाय हे त्याला कळत नाही. फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यात) बाहेरच्या हवेचा दाब असतो, नळीच्या अरुंद भागात त्याहून कमी, आणि या फरकावर जेटमधून (नेमक्या मापाचं भोक असलेल्या छोट्या पितळी तुकड्यातून) पेट्रोल ओढलं जातं. झाकणामुळे होणारा अडथळाही या ओढीत भर घालतो. झाकण काढलं की हवा सहज येते, ओढ कमी होते, पेट्रोल कमी पडतं. पॉड फिल्टरचं आणखी एक दुखणं आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दोन-तीन बारीक भोकं असतात: एअर जेटची आणि पडद्याखाली हवा नेणारं. पॉडच्या रबराची जाड कड त्यांवर चढली की कुठलंही जेट घाला, गाडी ताळ्यावर येत नाही. फिल्टर बसवण्याआधी त्या भोकांकडे एकदा बघाच.

"एअर स्क्रू अर्धा आटा खोला." पहिला प्रश्न, तो एअर स्क्रू आहे का? स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर एअर स्क्रू. खोलला की हवा वाढते, मिश्रण आणखी लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). इंजिनच्या बाजूला, बहुतेकदा खालून आणि पितळी टोपीखाली लपलेला असेल तर तो पेट्रोलचा. खोलला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त). म्हणजे हा सल्ला ऐकणाऱ्यांपैकी काहींनी आजार उलट वाढवलेला असणार. शिवाय या स्क्रूचा आणि त्याच्या जोडीच्या पायलट जेटचा (कमी रेसच्या छोट्या जेटचा) अंमल जेमतेम पाव थ्रॉटलपर्यंत. पाव ते पाऊण सुईच्या (स्लाइडला लटकलेल्या, पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या) हातात, त्यापुढे मेन म्हणजे मुख्य जेटच्या. पिस्टनला भोक पडतं किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो तो फुल थ्रॉटलला, ओझं असताना. तिथे हा स्क्रू काही करू शकत नाही.

म्हणून सुरुवात मेन जेटपासून. एका वेळी एकच बदल. अंगठ्याच्या थ्रॉटलवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे नेमकं कुठलं सर्किट (पायलट, सुई की मेन) बोलतंय ते कळेल. जेट तीन-चार नंबर मोठं घाला. फुल थ्रॉटलला गाडी घुसमटली पाहिजे. मग एकेक नंबर खाली या, घुसमट जाईपर्यंत. फुल थ्रॉटलवरून किंचित मागे घेतल्यावर गाडी उलट जोर धरत असेल तर मेन अजून लहान आहे. त्यानंतर सुई: क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते, रिच. सुईला खाचाच नसतील तर खाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर. पायलट शेवटी, इंजिन पूर्ण तापल्यावर. स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा (दाबलात तर टोक आतच तुटतं), दीड-दोन आटे बाहेर घ्या आणि रेस सर्वांत जास्त चढेल ती जागा शोधा. पेट्रोलच्या स्क्रूला ती एका आट्याच्या आत आली तर पायलट गरजेपेक्षा मोठं आहे, तीनच्या पुढे गेली तर लहान आहे. स्क्रू काढलाच तर स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग याच क्रमाने परत गेलं पाहिजे. ती इवलीशी ओ-रिंग भोकातच चिकटून राहते आणि दिसत नाही.

जेटचं भोक ड्रिलने वाढवू नका. १.१० मिमीचं १.२० केलं तर क्षेत्रफळ थेट १९ टक्क्यांनी वाढतं, वर कडा खरबरीत होतात. मिकुनी आणि केहिन या दोन कार्ब्युरेटर कंपन्यांचे जेटचे नंबरही एकमेकांना लावू नयेत. केहिनचा नंबर व्यासावर, मिकुनीचा प्रवाहावर.

"घाटावर काही करायला नको." यात अर्धं सत्य आहे, म्हणून हा मुद्दा जास्त फसवतो. वाई साधारण ७२० मीटरवर, पसरणी घाट चढून पाचगणी साधारण १,२९० वर. एवढ्या चढाने हवा पाच-सहा टक्के विरळ होते, पण मिश्रण रिच होतं ते त्याच्या निम्म्याने, म्हणजे तीनेक टक्के. जेटचा जेमतेम एक नंबर. झाकण उघडल्यावर बहुधा याहून बरंच जास्त लागतं. त्यात हवामान वेगळंच. सांगलीत मे महिन्यात ४० अंशाला जमवलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी १२ अंशाला महाबळेश्वरात नेली, तर थंडीने हवा जेवढी घट्ट होते, उंचीने जवळपास तेवढीच विरळ होते. घाटाने दिलेलं थंडीने काढून घेतलं. आणि पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याला त्याच हवेत जास्त इंधन लागतं, म्हणजे जुनी जेट आधीच थोडी लीन पडलेली असतात.

"प्लग पांढरा म्हणजे स्वच्छ." पांढरा प्लग हे अनेकदा लीनचं लक्षण आहे. तोही बघायचा तर नवा प्लग घालून, मोकळ्या खासगी जागेत फुल थ्रॉटलला पळवून, किल स्विच आणि क्लच एकदमच दाबून, आणि चिनीमातीच्या अगदी मुळाशी. आयडलिंगवर घरी आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगचं सांगतो. वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) मिळत असेल तर फुल थ्रॉटलला आकडा १२.५ ते १३ ठेवा. मीटर पेट्रोलच्या मापात दाखवतो, ई२० साठी वेगळा हिशोब करायला नको.

फटफट म्हणजे ताकद नव्हे. पायलट लीन आहे, नाहीतर सायलेन्सरचा जोड गळतोय. रेस सोडल्यावर आयडलिंग सावकाश खाली येत असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिनमधलं रबर तपासा. तडा असेल तर जेट बदलून उपयोग नाही.

दोन कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट बदलल्यावर व्हॅक्यूम गेजने दोन्ही जुळवा. काही मॉडेलांत कंपनीच डाव्या-उजव्याला वेगळे नंबर देते, तेव्हा जुने नंबर आधी लिहून ठेवा.

आता त्या झाकणाचं. पाचगणीच्या जांभ्याची लाल धूळ आणि महाबळेश्वरचा पाऊस, दोन्ही अडवायलाच ते असतं. काढणार असाल तर फोम फिल्टरला तेल लावा, कडेला ग्रीस फिरवा, धुळीत चालवलीत तर दर वेळी धुवा. पावसाळ्यात झाकण परत बसवलंत तर जेटही जुनंच घाला, नाहीतर गाडी काजळी धरेल आणि जादा पेट्रोल सिलिंडरवरून उतरून इंजिन ऑइल पातळ करेल.