नवी गाडी डोळे मिटून घ्यावी

पाडव्याला नवी गाडी घेतल्यापासून ओळखीतला जो कोणी बुकिंगला निघतो, तो आधी मला फोन करतो. "तू तर आत्ताच घेतली, काय बघायचं सांग ना." प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथंच एकदाचं लिहून टाकते.

काहीही बघू नका.

डिलिव्हरी संध्याकाळचीच घ्या. पाडवा साडेतीन मुहूर्तांतला, म्हणजे अख्खा दिवस शुभ. पण शोरूमचं पंचांग वेगळं असतं आणि त्यात नेमका दिवेलागणीनंतरचाच स्लॉट उरतो. बरोबरच आहे म्हणा. नागपूरच्या दुपारच्या उन्हात बॉनेटकडे तिरकं बघितलं की पॉलिश मशीनचे गोल गोल ओरखडे, रंगात अडकलेली धूळ, सगळं लख्ख दिसतं. सणासुदीला कशाला मन खट्टू करायचं? त्यापेक्षा वर एलईडीच्या माळा, गाडीवर लाल सॅटिनचं कापड, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली. कापड ओढा, पॉपर फुटू द्या. एवढ्या झगमगाटात गाडी निळी आहे इतकं कळलं तरी पुष्कळ.

कागदावर 'गाडी सुस्थितीत मिळाली' हे आधीच छापलेलं असतं. तुम्ही फक्त सही करा.

तिथून थेट टेकडीच्या गणपतीला जा. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. जरा मोठंच काढून घ्या, खाली बरंच काही झाकलं जातं.

इतकं करूनही दुसऱ्या दिवशी उन्हात काही दिसलंच, तर मान वळवून घरात जा. मला दिसलं. पेट्रोलच्या झाकणाखाली रंगाचा एक ओघळ, करंगळीच्या नखाएवढा, टोकाला थेंब धरून तसाच वाळलेला. बोट फिरवलं की अडकतं. बॉनेटवर वरच्या पारदर्शक थराच्या आत दोन कण. मागचा बंपर बाकी गाडीपेक्षा किंचित फिका.

शोरूममधल्या ॲडव्हायजरनं अंगठ्याला थुंकी लावली आणि ओघळ चोळला. सात आकडी किमतीच्या गाडीवर. मग म्हणाला, "मॅडम, हे नॉर्मल आहे. सगळ्याच गाड्यांना असतं." मी शेजारी उभ्या असलेल्या, त्याच मॉडेलच्या गाड्या बघितल्या. एकीलाही ओघळ नव्हता. तेव्हा तो नवऱ्याकडे वळला, "सर, तुम्ही समजवा ना मॅडमला." सर मशीनची कॉफी पीत होते. सरांनी या गाडीत एक रुपया घातलेला नाही, कर्ज माझ्या नावावर, चेक माझे. पण रंगातलं कळणार सरांनाच.

आता न्यायानं बोलायचं तर बंपरचं मी सोडून दिलं. बंपर प्लॅस्टिकचा, तो बॉडीसोबत भट्टीत जात नाही, वेगळा रंगवून येतो, छटेत उन्नीस-बीस होतं. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणाही बहुतेक गाड्यांना थोडाफार असतोच. ("संत्रानगरीची गाडी आहे मॅडम, साल तर राहणारच", हा विनोद करणाऱ्या पोराला लवकर प्रमोशन मिळो.) पण ओघळ हा ओघळ असतो. तो कुठल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे चालवून घ्यायच्या मर्यादेत बसतो, त्याचा कागद मागितला तर कागद नाही.

तक्रार तोंडीच करा. ईमेल केला की उगाच तारीख राहते.

कोणी सिरॅमिक कोटिंग सुचवलं तर आनंदानं घ्या. ते पारदर्शक असतं, खालचा दोष झाकत नाही, उलट वर्षानुवर्षं चकचकीत ठेवतं.

आणि फारच मागे लागलात तर ते उदार होतील. म्हणतील, "टेन्शन नका घेऊ मॅडम, तेवढा पॅनेल पेंट करून देतो, एकदम कंपनी फिनिश." लगेच हो म्हणा. कंपनी फिनिश म्हणजे काय, हे अजिबात विचारू नका. कारखान्यात गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, तेव्हा तो प्रायमरच्या टाकीत बुडवतात, विजेच्या प्रवाहानं प्रायमर कानाकोपऱ्यात बसवतात, मग १७०-१८० अंशांच्या भट्टीत भाजतात. त्यावर पुढचे थर, रंग, शेवटी क्लिअर कोट, म्हणजे तो वरचा पारदर्शक थर, आणि पुन्हा १४० अंशांच्या आसपास भट्टी. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आता माझ्या गाडीत वायरिंग आहे, रबर आहे, सीटा आहेत, टाकीत पेट्रोल आहे. ती १४० अंशांत घालणार का? वर्कशॉपच्या बूथमध्ये ६०-७० अंशांवर काम चालतं, म्हणून तिथं कमी उष्णतेतही घट्ट व्हावा म्हणून हार्डनर घातलेला वेगळा रंग वापरावा लागतो. वाईट असतो असं नाही, पण तो कंपनी फिनिश नाही. मग कंपनी फिनिश म्हणता कशाला?

बरं, ओघळ कुठं आहे? पेट्रोलच्या झाकणाखाली, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, क्वार्टर पॅनेलवर. तो काही बोल्ट काढून वेगळा करता येत नाही, वेल्डिंगनं छतापर्यंत जोडलेला असतो. मेटॅलिक रंगातले कण प्रत्येक हाताच्या फवाऱ्यात वेगळे बसतात, म्हणून शेड जुळवायला शेजारच्या दारावरही रंग ओढायचा आणि क्लिअर कोट वर छताच्या खांबापर्यंत न्यायचा. नखाएवढ्या ओघळासाठी नव्या गाडीची अर्धी बाजू रंगवायची! आणि पाच वर्षांनी विकायला काढली की सेकंडहँडवाला तिथं रंगाची जाडी मोजायचं मीटर लावणार, आकडा दुप्पट-तिप्पट दिसणार, आणि तो विचारणार, "मॅडम, ठोकली होती का?" तेव्हा हा थुंकीवाला अंगठा साक्षीला येणार आहे का?

खरं तर ओघळ म्हणजे तिथं रंग जास्त झालाय. जाणकार कारागीर मीटरनं जाडी बघतो, २००० नंबरच्या वॉटर पेपरनं तेवढाच उंचवटा हळूहळू बसवतो, कंपाउंड मारतो, संपलं. कणांचंही बहुतेकदा तसंच. हे वर्कशॉपमध्ये कोणालाच माहीत नाही? माहीत असणारच. पण ते करायला वेळ देऊ शकणारा माणूस हवा, आणि यांच्याकडे एक तर स्प्रे गन आहे नाहीतर वॉशिंगच्या पोराच्या हातातलं बफिंग मशीन.

कंपनीच्या टोल फ्रीवर फोन करायचा तर करा. केस डीलरकडे जाते, डीलर कंपनीच्या अप्रूव्हलची वाट बघतो, आणि मधल्या मध्ये 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली' असा मेसेज येतो.

नातेवाइकांचं ऐका. "काहून इतकं टेन्शन घेऊन राहिली बाई? गाडी चालते ना? दोन महिन्यांत कोणीतरी ऑटोवाला घासून जाते, मग सगळं सारखंच होऊन जाते." हे बोलणाऱ्या काकांनी स्वतःच्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.

आणि मग तो फोन येतो. आधी शोरूमची मुलगी सांगते, "मॅडम, कंपनीतून कॉल आला तर दहापैकी दहाच द्या हं, नऊ दिले तरी आमचं कट होते." तिच्या आवाजात खरंच काळजी असते. ओघळ मी दाखवला त्याचा कागद नाही, पण माझ्या दहा मार्कांवर हिचा पगार. रंग चुकला कारखान्यात, गाडी न बघता पाठवली यार्डातून, नॉर्मल म्हणाला ॲडव्हायजर, आणि पोट कापलं जाणार या मुलीचं. वा रे व्यवस्था!

बस झालं. आता सरळ बोलते.

अमेरिकेत एका डॉक्टरनं १९९० मध्ये नवी बीएमडब्ल्यू घेतली आणि काही महिन्यांनी कळलं, तिच्यावर विक्रीआधीच गुपचूप पुन्हा रंग मारलाय. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर सांगायचं नाही, हे कंपनीचं धोरणच होतं. ज्युरीनं ४० लाख डॉलरचा दंड ठोकला. वरच्या कोर्टांत तो टिकला नाही, आधी निम्मा झाला आणि १९९६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं तोही अवाजवी ठरवला. पण ज्युरीच्या निकालानंतर लगेच कंपनीनं धोरण बदललं, प्रत्येक दुरुस्ती सांगायची. आपल्याकडे तसा दंड नसेल, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. त्याआधी १९१५ या नंबरची ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि तुम्ही लोकहो! बर्डीच्या बाजारात दोनशेचा कुर्ता घेताना उलटा करून शिवण बघता आणि गाडीच्या वेळी फेटा बांधून फोटोला उभे राहता? नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर पडत नाही, म्हणजे तुम्ही ती नीट बघाल तोवर एमएच ४९ होऊन तुमच्या नावावर चढलेली असते. तेव्हा रजिस्ट्रेशनआधी तुमच्यासाठी ठेवलेल्या गाडीचा चेसिस नंबर मागा, भर दुपारी यार्डात जा, धुतलेली गाडी उन्हात उभी करायला लावा, दारांच्या कडा बघा, नख फिरवा, मीटर लावा. "आमच्याकडे तशी पद्धत नाही" म्हणाले तर बाकीचे पैसे द्यायची आपल्याकडेही पद्धत नाही. पाडवा गेला तर गेला, अक्षय तृतीया येते.

आणि शोरूमवाल्यांनो, रंग चुकतो, माणसाच्या हातून, यंत्राच्या हातून चुकतो, त्याचा मला राग नाही. समोर दिसणारी गोष्ट नाही म्हणता, बाईला खुळी ठरवून तिच्या नवऱ्याला डोळा मारता, लाज वाटत नाही का? मी पॅनेल रंगवून घेणार नाही. जाणता कारागीर पाठवा, माझ्यासमोर उन्हात काम करा, आणि काय केलं ते लेटरहेडवर लिहून द्या. तोवर रेटिंगसाठी फोन करायचा नाही.